बाराचं मिनिट

१

दशरथराव सावंतांनी कपाटाचा मधला खण उघडला आणि दोन्ही हातांनी उचकला. खणात गॅसच्या पावत्या होत्या, तीन मेलेले चार्जर होते, सुपारीची डबी होती. निळ्या कापडी पिशवीतली हार्ड डिस्क तेवढी नव्हती.

रविवार, दुपारचा एक वाजला होता. संध्याकाळी सातला ‘दशरथाचा दरबार’वर ‘खाडीचा नावाडी’ या श्रुतिकेचा चौदावा आणि शेवटचा भाग लागायचा होता. तो भाग अख्ख्या जगात एकाच ठिकाणी होता, त्या निळ्या पिशवीत.

दरबार म्हणजे दशरथरावांची वेबसाइट. चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्टा दुरुस्त केल्यावर माणसाने गुमान नातवंडं खेळवावीत. पण हे गृहस्थ निवृत्त झाल्यावर मोबाइलवर व्हिडिओ बघून वेबसाइट बांधायला शिकले. ती तीनदा कोसळली. एकदा तर पानभर नुसती प्रश्नचिन्हं उमटली आणि सोसायटीत आठवडाभर हसू झालं. पण आता बोरीवलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांतून गाणी निघत होती, मालवणी गजाली निघत होत्या, शब्दकोडं होतं, सोसायटीच्या मांजरावर सहा मिनिटांचा चित्रपट होता, आणि सगळ्यांचा लाडका ‘नावाडी’ होता. चार हजार माणसं तो ऐकत, काही थेट आखातातून. सगळी निव्वळ हौस, आणि हौसेला मोल नसतं.

नावाड्याचा, म्हणजे पास्कूचा आवाज ब्रेंडन परेराचा. ब्रेंडन हा त्यांचा लिफ्ट कंपनीतला जोडीदार, खाडीपलीकडच्या गोराईचा. शेवटचा भाग रेकॉर्ड केला आणि पंधरा दिवसांत, ऑगस्टात, तो गेला. पाच महिने दशरथरावांना ती फाइल उघडायचा धीर झाला नव्हता. या जानेवारीत हिय्या करून त्यांनी ती साफसूफ केली, संगीत जोडलं. शेवटचं अर्धं मिनिट कापायचं होतं, ते मात्र त्यांच्या हातून कापलं गेलं नाही. मग जागा हवी म्हणून संगणकावरची मूळ फाइल पुसली, आणि नजर लागू नये म्हणून दुसरी प्रत काढली नाही. शहाण्यासुरत्या माणसाची अक्कल कधी कधी अशी चरायला जाते.

“काय हरवला?” सुंदराबाईंनी, त्यांच्या बायकोने, स्वयंपाकघरातून विचारलं.

दशरथराव पलंगावर बसले. “ब्रेंडन हरवलो,” ते म्हणाले.

२

पोलिसांत कुणी जाण्याआधी त्यांनी कॉन्सेप्टाला फोन केला. कॉन्सेप्टा ब्रेंडनची बायको, राहायला दोन गल्ल्या सोडून. एका बँकेत तीस वर्षं तिने लॉकरच्या दारावर बसून सह्या तपासल्या होत्या. दागिने ठेवायला आलेली सून आणि सासूचे दागिने काढायला आलेली सून, या दोघी तिला चपला काढताना ओळखू यायच्या.

ती दहा मिनिटांत आली. तिला काय सांगायचं आणि कसं, याचीच दशरथरावांना भीती होती. नवऱ्याचा आवाज ऑगस्टापासून तिने ऐकला नव्हता. जुने तेरा भागसुद्धा लावले नव्हते. “शेवटचा आला की एकदाच ऐकेन,” एवढंच म्हणाली होती. आणि दशरथरावांनी तोच घालवला होता.

“रडायचं नंतर,” कॉन्सेप्टा खुर्ची ओढत म्हणाली. “दार तोडलंय?”

“नाय गं. कुलूप जसंच्या तसं.”

“किल्ली?”

“तुळशीच्या कुंडीखाली.”

“म्हणजे पेपरात छापल्यासारखीच. डिस्क त्या खणात आहे हे कुणाला माहीत?”

दशरथरावांनी मान खाली घातली. गेल्या रविवारी सकाळी चहाला श्रुतिकेतले तिघे कलाकार आले होते, तेव्हा त्यांनीच मोठ्या तोऱ्यात निळी पिशवी काढून दाखवली होती आणि तिघांसमोर परत खणात ठेवली होती. ते तिघे म्हणजे खलनायक झालेला शेजारी हर्षद शाह, नावाड्याची मुलगी झालेली अपूर्वा आणि बाकीचे सतरा आवाज काढणारा नकलाकार केतन.

“घर रिकामं कधी होतं?”

“साडेअकरा ते पाऊण. ही खाली भजनी मंडळात. मी बाराच्या मिनिटाला.”

बाराचं मिनिट ही दरबारची खास चीज. दर रविवारी भर बारा वाजता दरबारी मंडळींनी आपण जिथे असू तिथलं एक मिनिट मोबाइलवर टिपायचं आणि तिथल्या तिथे साइटवर चढवायचं. ते कधी पोहोचलं याची वेळ साइट नोंदवायची, आणि ते त्या दिवशीचं आहे हे माणसाच्या इमानावर. स्वतः दशरथराव आज गोराई खाडीच्या जेट्टीवर उभे होते. पाणी पार वरच्या पायरीला लागलं होतं. सत्तरीची एक आजी डोक्यावर रिकामी पाटी घेऊन, कुणाचा हात न धरता, जिन्यावरून खोलीत जावं तशी बोटीत गेली. झकास मिनिट मिळालं म्हणून ते शीळ घालत घरी आले होते.

“मी आधी नवी डिस्क आणतो,” ते एकदम उठले. “संगणकावरची पुसलेली फाइल निघते का बघतो. निघते म्हणतात कधी कधी.”

“खय चललास?” सुंदराबाई दारात आडव्या आल्या. “आज अवस आसा. अवसेक नवीन वस्तू घरात हाडूची नाय.” अमावास्येला त्या घरात नवा चमचासुद्धा येत नसे.

“अगो, माझी वाट लागलीय आणि तुका अवस सुचता!”

“ऐक तिचं,” कॉन्सेप्टा म्हणाली. “नवी घेण्यापेक्षा जुनी शोधू. आधी हर्षद.”

३

हर्षदभाईंचं दुकान कापडाचं, आवाज मात्र ढगातला. दोन वाजता ते मुलुंडहून परतले तेच पिशव्या सांभाळत. शेवटच्या भागातला त्यांचा मरणाचा प्रसंग दशरथरावांनी चार मिनिटांवरून चाळीस सेकंदांवर आणला होता, म्हणून गेले आठ दिवस ते लिफ्टमध्येही बोलत नव्हते.

“दशरथभाई, राग होता, खोटं नाही बोलणार,” ते म्हणाले. “चार मिनिटं मी काय मस्त मेलो होतो! पण ब्रेंडनचा आवाज चोरू? मी तर त्याला खांदा दिलाय.”

“बाराला कुठे होतात?” कॉन्सेप्टाने विचारलं.

“मुलुंडला, मुलीकडे. मिनिट पाठवलंय ना! नातीचा पहिला बड्डे.”

अपूर्वा फोनवर आली. ती पवईला एका कंपनीत नोकरी करायची. संपूर्ण ‘नावाडी’ एका मोठ्या अ‍ॅपला द्यावा म्हणून महिनाभर ती दशरथरावांच्या मागे लागली होती आणि त्यांनी साफ नाही म्हटलं होतं.

“काका, तुम्हाला वाटतंय मी घेतली?” तिचा आवाज चिरका झाला. “मी तलावावर होते, साफसफाई होती आमची. हात अजून घाण आहेत माझे. आणि मला जर चोरूनच द्यायची असती, तर महिनाभर तुमचं डोकं कशाला खाल्लं असतं?”

केतनला बोलवावं लागलं नाही. हर्षदभाईंकडून बातमी कळताच तो तीन वाजता अंधेरीहून बाइक मारत आपणहून आला, धापा टाकत. वाढलेला घाटकोपरच्या एका चाळीत, राहायला आता अंधेरीत, पोरगा गुणी. त्याने दशरथरावांचे दोन्ही हात धरले.

“काका, टेन्शन नका घेऊ. लोकांना सातला भाग पाहिजे ना? संहिता आहे. आपण आज पाचला बसू. पास्कू मी करतो.”

“ब्रेंडनचा पास्कू?” दशरथरावांनी विचारलं.

केतनने घसा खाकरला आणि खोलीत ब्रेंडन बोलला. “भिऊ नको पोरी, पास्कूची होडी आजवर बुडाली नाही.” तोच खर्ज, तोच ‘पोरी’वर रेंगाळणारा सूर. सुंदराबाईंच्या हातातला कप बशीवर वाजला. दशरथरावांनी घाबरून कॉन्सेप्टाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

“छान जमतं तुला,” ती म्हणाली. “किती दिवस करतोयस?”

“तीन महिने, आंटी. रोज.”

“आणि बाराला कुठे होतास? सगळ्यांना विचारतेय, राग मानू नको.”

“वर्सोव्याला. बघा ना साइटवर, बारा चारला चढवलंय. सूर्य वर चढलेला, सावली आखूड. बाराचं ऊन खोटं बोलत नाही, आंटी.”

“ते खरंच,” कॉन्सेप्टा म्हणाली.

४

केतन खाली चहा प्यायला गेला. कॉन्सेप्टाने दशरथरावांना संगणकासमोर बसवलं. “आजची सगळी मिनिटं लाव.”

हर्षदभाईंचं मिनिट म्हणजे नुसता गोंधळ. केकवर एकाचा आकडा, नात क्रीममध्ये दोन्ही हात घालून बसलेली, मागे हर्षदभाई ढगाच्या आवाजात गाताहेत. पहिला वाढदिवस काही दोनदा येत नाही. अपूर्वाच्या मिनिटात तलावाचा काठ, प्लास्टिकचे ढीग आणि मागे आजच्या तारखेचा फलक. दोघं सुटली.

मग केतनचं. वर्सोव्याची खाडी, चिखलात एका अंगावर कलंडलेल्या होड्या, बांबूवर वाळणारे बोंबील, चिखलात चोच मारणारे बगळे. कुणाचाही चेहरा नाही, तारीख नाही. पण सावल्या आखूड, होड्यांना बिलगलेल्या, बरोबर बाराच्या. दशरथरावांना तर त्यातली कलाच दिसली.

“सुंदर आहे,” ते म्हणाले. “हाही सुटला. मग चोर कोण, मी?”

“आता तुझं लाव.”

“माझं कशाला? मी काय माझीच डिस्क...”

“लाव म्हटलं ना!”

त्यांनी लावलं. जेट्टी, वरच्या पायरीला लागलेलं पाणी, पाटीवाली आजी. कॉन्सेप्टाने ते थांबवलं, पुन्हा केतनचं लावलं, पुन्हा दशरथरावांचं. मग ती हसली. ऑगस्टापासून दशरथरावांनी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

त्यांना अचानक तिच्या घरातली भिंत आठवली. मेरीमातेच्या तसबिरीशेजारी तिथ्यांचं कॅलेंडर. ख्रिस्ती घरात अमावास्या-पौर्णिमा कशाला, असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. ‘माझ्या बाबाची सवय,’ एवढंच ती म्हणाली होती. तिचा बाबा गोराईचा, जन्मभर मासे मारलेला.

“दशरथ, चोर सापडला,” कॉन्सेप्टा हळू आवाजात म्हणाली. “डिस्कही शाबूत आहे, मला खात्री आहे. तू फक्त एक कर. तोंड उघडू नको, आणि केतनला सांग, पाचला रेकॉर्डिंग. हर्षद आणि अपूर्वालाही बोलव.”

“म्हणजे तू त्याला ब्रेंडनच्या जागी...”

“तोंड उघडू नको म्हटलं ना?”

५

पाच वाजता दोन खोल्यांत सहा माणसं आणि एक मायक्रोफोन अशी दाटी झाली. सुंदराबाई दाराला टेकून उभ्या होत्या. केतनने संहितेवर लाल पेनाने खुणा केल्या होत्या. तो प्रसन्न दिसत होता, आणि ते प्रसन्न दिसणं दशरथरावांना गिळवत नव्हतं.

“सुरू करण्याआधी दोन मिनिटं बघू,” कॉन्सेप्टा म्हणाली. “दशरथ, दोन्ही शेजारी शेजारी लाव.”

पडद्यावर डावीकडे जेट्टी, उजवीकडे वर्सोवा. एकच रविवार, एकच बारा वाजलेले. डावीकडे आजी भरल्या पाण्यावरून बोटीत चढली आणि उजवीकडे बगळा उघड्या चिखलात चालत गेला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग अपूर्वा म्हणाली, “अरे! पाणी कुठे गेलं?”

“तेच विचारतेय मी,” कॉन्सेप्टा म्हणाली. “केतन, गोराईला समुद्र काठोकाठ आणि त्याच वेळी वर्सोव्याला ठणठणाट? मध्ये असून असून किती अंतर? समुद्र तोच की रे.”

“आंटी, तिकडे भरती उशिरा येत असेल...”

“पाच-दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. माझा बाबा पंचांग न शिकता पंचांग वापरायचा. तिथीची पाऊणपट कर, ती भरतीची वेळ. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, तीन वाजता भरती. आज काय आहे, सुंदराबाई?”

“अवस,” सुंदराबाई दारातून म्हणाल्या, आणि स्वतःच डोळे मोठे करून उभ्या राहिल्या.

“अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी. पंधरा पाऊण सव्वाअकरा. बाराच्या सुमाराला या किनाऱ्यावर कुठेही चिखल दिसायचा नाही, होड्या तरंगत असणार. आता गेला रविवार बघ. अष्टमी होती. आठ पाऊण सहा. सकाळी सहाला भरती, म्हणजे बाराला सपशेल ओहोटी.” ती खुर्चीत पुढे सरकली. “गेल्या रविवारी सकाळी तू इथे निळी पिशवी पाहिलीस आणि इथून थेट वर्सोव्याला गेलास. बाराला एक नाही, दोन मिनिटं टिपलीस. एक त्या दिवशी चढवलंस, दुसरं आजसाठी ठेवलंस. ऊन जुळवलंस, सावल्या जुळवल्यास, वेळ जुळवलीस. हुशार आहेस तू. पण तू नळाच्या पाण्यावर वाढलेला. नळाला रोज त्याच वेळी पाणी येतं, म्हणून तुला वाटलं समुद्रालाही येत असेल. आठ दिवसांत तो बरोबर उलटा होतो रे.”

दशरथरावांनी घाईघाईने गेल्या रविवारचं केतनचं मिनिट लावलं. कोन वेगळा होता, पण बांबू तेच, त्याच होड्या त्याच अंगावर कलंडलेल्या.

“म्हणजे बारा चारला,” हर्षदभाई ढगातून म्हणाले, “हा वर्सोव्याला नव्हताच?”

“इथे होता. ह्याच खोलीत, त्या खणासमोर उभा राहून त्याने ते चढवलं. आणि म्हणूनच मी म्हटलं डिस्क शाबूत आहे. शेवटचा भाग हरवला तर फायदा एकाचाच, ज्याला पास्कू व्हायचंय त्याचा. पण ब्रेंडन शेवटच्या भागात कुठे थांबला, कुठे श्वास घेतला, ते ऐकल्याशिवाय नक्कल कशी करणार? संध्याकाळपर्यंत तरी तो ती पुसणार नाही.”

केतनने संहिता मिटून मांडीवर ठेवली. दशरथरावांना वाटलं होतं, चोर सापडला की आपण त्याची गचांडी धरू. पण समोर बसलेल्या पोराचे ओठ पांढरे पडले होते, आणि त्यांचा हात काही वर उठेना.

“मी पुसणार नव्हतो, आईशप्पथ,” केतन म्हणाला. “तेरा भागांत सतरा आवाज काढले मी. कोळी, पोलीस, कुत्रा, वारा. वारा पण मीच, काका! लोकांची पत्रं आली ती सगळी पास्कूला. मला फक्त एकदा... एकदा पास्कू व्हायचं होतं.”

“मागितलं असतंस तर,” दशरथराव कळवळून म्हणाले, “नवीन मालिका लिहिली असती तुझ्यासाठी.”

“डिस्क कुठाय?” कॉन्सेप्टाने विचारलं.

“खाली. बाइकच्या डिकीत.”

“आण. आणि मग गच्चीवर खुर्च्या लाव, सातला सगळी सोसायटी ऐकायला येणार आहे. चाळीस आहेत, चार जिने आहेत आणि लिफ्ट बंद आहे.”

“लिफ्ट चालू आहे गं,” दशरथराव म्हणाले.

“तुझ्यासाठी असेल.”

६

सात वाजता गच्चीवर चाळीस खुर्च्या भरल्या आणि तेवढीच माणसं कठड्याला टेकून उभी राहिली. केतन घामाघूम होऊन मागच्या टाकीपाशी उभा होता. निघून जा असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं आणि जायला त्याचे पाय तयार नव्हते. निळी पिशवी दशरथरावांच्या मांडीवर होती. त्यांनी बटण दाबलं.

पंचवीस मिनिटं गच्चीवर कुणी खोकलं नाही. हर्षदभाई चाळीस सेकंदांत मेले आणि त्यावर टाळ्या पडल्या. त्यांनी आजूबाजूला बघून नमस्कार केला आणि दशरथरावांना डोळ्यांनीच सगळं माफ केलं. नावाड्याची होडी वादळातून निघाली, पोरीला घेऊन काठाला लागली. “पास्कूची होडी आजवर बुडाली नाही,” ब्रेंडन म्हणाला, आणि केतनची नक्कल किती बारीक अंतराने चुकली होती ते सगळ्यांना कळलं. केतनलाही कळलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

संगीत वाजलं, थांबलं. लोक टाळ्यांसाठी हात उचलणार तोच भोंग्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ब्रेंडनच, पण पास्कू नाही. थकलेला, खूश, घरचा ब्रेंडन.

“झालं ना रे दशा? मग चलतो मी. कॉन्सेप्टाला फोन लाव, सांग भात टाक, मी निघालो म्हणून.”

प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर तो हेच म्हणायचा. तेरा भागांतून दशरथरावांनी ते न विसरता कापलं होतं. आज ते चार हजार माणसांच्या कानात गेलं होतं, आणि ज्या एका बाईसाठी ठेवलं होतं तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

कॉन्सेप्टा उठून उभी राहिली. लॉकरच्या दारावर तीस वर्षं न हललेला तो चेहरा सगळ्यांदेखत ओला झाला होता, आणि ती हसत होती.

“टाकलाय रे,” ती भोंग्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली. “ये लवकर!”

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो शेजारच्या तीन सोसायट्यांनी ऐकला. मोबाइलवरचा ऐकणाऱ्यांचा आकडा साडेसहा हजारांवर गेला, आखातातून कुणीतरी नुसतीच रडणारी आणि हसणारी चित्रं पाठवली. कॉन्सेप्टाने वळून टाकीकडे पाहिलं आणि केतनला हाताने बोलावलं. तो चाचरत पुढे आला.

“वारा चांगला झालाय तुझा,” ती म्हणाली. “वादळातला. माझ्या अंगावर काटा आला. चल जेवायला, भात जास्तच टाकलाय.”

दुसऱ्या दिवशी प्रतिपदा होती. दुकान उघडायच्या आधी दशरथराव दारात हजर होते, आणि त्यांच्या शेजारी सुंदराबाई. त्यांनी एकदम तीन डिस्का घेतल्या. एक घरासाठी, एक कॉन्सेप्टाच्या कॅलेंडरखालच्या फळीसाठी. तिसरी दशरथरावांनी पिशवीत टाकली आणि घरी आल्यावर तिच्यावर पेनाने नव्या मालिकेचं नाव लिहिलं. खाली प्रमुख भूमिकेसमोर लिहिलं: केतन, स्वतःच्या आवाजात.

मग त्यांनी तुळशीच्या कुंडीखालची किल्ली काढून खिशात घातली.